ड्युअल-बूट संगणकाला केबलचं इंटरनेट: लॉगिन संगणकात ठेवावं की राउटरमध्ये?

विंडोज आणि लिनक्स एकाच संगणकावर नांदत असतील, तर केबल खोचण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका. सेवा पुरवठादाराने दिलेलं युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही सिस्टिममध्ये वेगवेगळं भरायचं, की एकदाच राउटरमध्ये? पीपीपीओई जोडणी (युजरनेम-पासवर्ड देऊन चालू होणारी) असेल तर पुढची निम्मी डोकेदुखी यावरच ठरते.

थेट संगणकात लॉगिन ठेवलं तर एक उपकरण वाचतं. विंडोजमध्ये ब्रॉडबँड कनेक्शन तयार करायचं, लिनक्सच्या नेटवर्क मॅनेजरमध्ये डीएसएल हा प्रकार निवडायचा, झालं. त्रास होतो तो एका सिस्टिममधून दुसरीत जाताना. जोडणी नीट न तोडता संगणक बंद झाला, तर पुरवठादाराच्या सर्व्हरवर जुनं सत्र काही वेळ चालूच राहतं. खात्याला एकाच सत्राची मुभा असेल तर दुसऱ्या सिस्टिमचं लॉगिन नाकारलं जातं, आणि आपण मात्र पासवर्ड पुन्हापुन्हा तपासत बसतो. शिवाय संगणक थेट इंटरनेटसमोर येतो. विंडोजची फायरवॉल मुळात चालू असते, पण उबुंटू या लिनक्समधली यूएफडब्ल्यू ही फायरवॉल आधीपासून बसवलेली असूनही बंद असते. ती आठवणीने चालू करा.

राउटरमध्ये लॉगिन ठेवलं की सत्र राउटरचं. संगणक कितीही वेळा रिस्टार्ट करा, ते तुटत नाही. दोन्ही सिस्टिममध्ये आयपी पत्ता आपोआप घेण्याची मूळ सेटिंग पुरते. पीपीपीओईचे 8 बाइट वजा करून एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) 1500 वरून 1492 वर आणणंही राउटरच पाहतो. माझं मत स्वच्छ आहे: राउटर असेल तर दुसरा विचार करू नका.

आयपी पत्ता कायम एकच हवा असेल, तर दोन्हीकडे हाताने भरण्यापेक्षा राउटरमध्ये मॅक पत्त्यावर (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकावर) राखून ठेवा. नेटवर्क कार्ड एकच, म्हणून मॅकही दोन्ही सिस्टिममध्ये तोच असतो. पुरवठादाराने जोडणी मॅकला बांधलेली असेल आणि आता मध्ये राउटर येत असेल, तर संगणकाचा मॅक राउटरमध्ये क्लोन करावा, म्हणजे तसाच उतरवावा लागेल.

एक दुखणं मात्र दोन्ही मार्गांत सारखंच. विंडोज 'शट डाउन' करून लिनक्स उघडलं की कधीकधी केबल जोडलेलीच नाही असं दिसतं. विंडोजमधून 'रिस्टार्ट' करून लिनक्समध्ये गेल्यावर तीच केबल चालली, तर पहिला संशय फास्ट स्टार्टअपवर घ्या. त्यात विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि कार्ड अर्धवट झोपेत राहू शकतं. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून तो बंद करा. तरीही फरक पडला नाही, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाची वेक-ऑन-लॅन (नेटवर्कवरून संगणक जागा करण्याची) सेटिंग बदलून पाहा. लिनक्सचा ड्रायव्हर बदलायची वेळ त्यानंतरची.