मऊ भातापुरती का होईना, पण घ्यावी: ६०० वॅटच्या मल्टी केटलचं परीक्षण

आठवड्यातले तीन-चार दिवस बाहेरगावी काढणाऱ्या माणसाला तिसऱ्या रात्री पनीर बटर मसाला नकोसा होतो. वाटीभर मऊ भात, त्यावर तूप-मेटकूट, आणि सकाळी उठल्या उठल्या आल्याचा चहा, एवढंच हवं असतं. काचेच्या झाकणाची, १.२ लिटरची, ६०० वॅटची मल्टी केटल ही गरज बऱ्यापैकी भागवते. किंमत साधारण हजाराच्या आसपास. घ्यावी, पण कुकर समजून घेऊ नये.

हॉटेलच्या खोलीत ठेवलेली नेहमीची केटल या कामाला का चालत नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. पाणी उकळलं की वाफ एका भोकातून मुठीजवळच्या धातूच्या पत्रीपर्यंत जाते, पत्री वाकते आणि बटण पडतं. म्हणजे उकळी आली की संपलं. भाताला तर उकळीनंतरच वीस मिनिटं लागतात. शिवाय दूध किंवा पेज त्या भोकात शिरली, तर ती केटल पुढे धड बंद होत नाही. मल्टी केटल वाफेवर बंद होत नाही, तिचा थर्मोस्टॅट, म्हणजे ठराविक तापमानाला वीज तोडणारा भाग, तळाशी असतो. बटणाला बंद, ३०० आणि ६०० वॅट अशा तीन जागा असलेलीच घ्यावी. एकाच वॅटची स्वस्त मिळते, पण तिच्यात खिचडी हमखास उतू जाते.

खिचडीचं माप एका माणसाचं: अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, तीन वाट्या पाणी. तांदूळ-डाळ पाणी नितळ होईपर्यंत तीन-चार वेळा धुवायची आणि वीस मिनिटं भिजवायची. मग पाणी, मीठ, हळद, अर्धा चमचा तूप घालून ६०० वर उकळी आणायची. पाच-सहा मिनिटांत येते. उकळी दिसली की लगेच ३०० वर, झाकण जरा तिरकं, आणि दर चार-पाच मिनिटांनी लाकडी चमच्याने तळापासून ढवळायचं. पंचवीस मिनिटांत मऊ होते. मग बंद करून दहा मिनिटं झाकून ठेवली की दाणा छान फुलतो.

बिघडतं ते इथेच. तांदळातला स्टार्च आणि डाळीतली प्रथिनं यांचा फेस होतो. पातेलं रुंद असलं की तो पसरतो आणि फुटतो, पण केटल अरुंद असल्याने तो सरळ वर चढतो. उतू गेलेली पेज बाहेरून ओघळून बेसच्या कनेक्टरवर पडते, आणि हा प्रकार खरोखर धोक्याचा आहे. तसं झालं तर आधी भिंतीवरचं बटण बंद करायचं, मगच केटल उचलायची, आणि बेस पूर्ण सुकल्याशिवाय पुन्हा लावायची नाही. म्हणून भांडं निम्म्याच्या वर भरायचंच नाही. तूप घालायचं तेही फेस बसावा म्हणून. आंबेमोहोर फार चिकट होतो आणि जास्त फेसाळतो, त्याला पाणी अर्धी वाटी वाढवावं. तूरडाळीच्या वाटेला जाऊ नये, दाबाशिवाय ती शिजायला फार वेळ लागतो.

फोडणीही यात करू नये. थर्मोस्टॅट पाण्याच्या हिशेबाने लावलेला असतो, तेल त्याहून जास्त तापायला हवं. मोहरी तडतडायच्या आत केटल बंद पडते आणि कच्च्या हिंगाचा वास तेवढा राहतो. घरून रवा फोडणीसकट भाजून नेला, तर वाटीभर रव्याला अडीच वाट्या उकळतं पाणी घालून चांगला उपमा होतो. नाचणीचं सत्त्व मात्र आधी गार पाण्यात कालवून मगच उकळत्या पाण्यात ओतावं, नाहीतर गुठळ्या होतात.

चहाला आधी पाणी, आलं, साखर, पावडर नीट उकळू द्यावी आणि दूध शेवटी, ३०० वर. कोऱ्या तळावर थेट दूध घातलं तर ते खाली लागतं, आणि करपलेल्या थरामुळे थर्मोस्टॅट केटल अवेळी बंद करतो. सकाळी चहा, रात्री खिचडी हाच क्रम बरा, कारण खिचडीचा वास झाकणाच्या रबरात बसतो. बोअरच्या पाण्याने तळाशी पांढरा थर धरला, तर अर्धा लिटर पाण्यात एका लिंबाचा रस उकळून अर्धा तास तसाच ठेवला की निघतो. केटल नळाखाली आडवी करून धुवायची नाही.

आता विजेचं. ६०० वॅटला २३० व्होल्टवर अडीच-पावणेतीन अँपिअर लागतात, त्यामुळे ६ अँपिअरचा साधा सॉकेट पुरतो. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीत लावू नये, अर्थिंग जातं. लॉजवर संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरलं तर हीच केटल जेमतेम ३७० वॅटची उरते. मग उकळीला दहाएक मिनिटं लागतात, तो बिघाड नव्हे. अमेरिकेत १२० व्होल्टवर ती १६० वॅटच्या आसपास येते, तिथे नेण्यात अर्थ नाही. रेल्वेच्या डब्यातल्या चार्जिंग सॉकेटवर केटल लावायला मनाई आहे, ती वायरिंग मोबाइल-लॅपटॉपपुरतीच असते.

खोलीत कार्ड अडकवून वीज लागत असेल तर ते काढून खाली जाऊ नका, परत येईतो भाताचा गिच्च गोळा झालेला असतो. छतावरच्या स्मोक डिटेक्टरखाली केटल ठेवू नका, वाफेनेही तो वाजतो. खोलीत शिजवायला बऱ्याच हॉटेलांत परवानगी नसते, रिसेप्शनवर विचारून घ्यावं.

विकत घेताना आयएसआय खूण आणि आतून ३०४ दर्जाचं स्टेनलेस स्टील बघावं. एकेरी भिंतीचं भांडं बाहेरून चटका देतं, दुहेरी थोडं जड पण बरं. वायर बेसखाली गुंडाळता येते का, तेही पाहावं. बॅगेत नेताना केटल रिकामी ठेवायची नाही: मोजलेल्या तांदूळ-डाळीच्या तीन पुड्या, मेटकुटाची डबी आणि लाकडी चमचा तिच्या पोटात बसतो. विमानाने जाताना तुपाची बाटली केबिन बॅगेत १०० मिलीच्या आतलीच लागते, आणि सुक्या खोबऱ्याची वाटी घरीच ठेवलेली बरी, ती चेक-इनच्या सामानातून बाहेर काढतात.