मर्सिडीज-बेंझ की बीएमडब्ल्यू?

मर्सिडीज-बेंझची परंपरा थेट कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये पेटंट घेतलेल्या तीनचाकी मोटारीपर्यंत पोहोचते. म्युनिकची बीएमडब्ल्यू मात्र विमानांची इंजिने आणि मोटारसायकली बनवल्यानंतर, १९२८ मध्ये आयझेनाखचा कारखाना विकत घेऊन मोटारींकडे वळली. १९५९ मध्ये तोट्यात बुडालेली ही कंपनी मर्सिडीज बनवणाऱ्या डाइमलर-बेंझच्याच घशात जाणार होती, परंतु छोट्या भागधारकांचा विरोध आणि उद्योगपती हर्बर्ट क्वांट यांची गुंतवणूक यांमुळे ती वाचली, आणि १९६२ पासून विकल्या गेलेल्या ‘१५००’ या मोटारीने तिला चपळ गाडीची ओळख मिळवून दिली. मर्सिडीजचे आकर्षण मागच्या आसनावरील निवांतपणात अधिक आहे, त्यामुळे (निदान आपल्याकडे) ड्रायव्हर ठेवणाऱ्यांना तीच भावते. स्वतः स्टिअरिंग हाती धरणाऱ्याने मात्र बीएमडब्ल्यूच निवडावी, असे माझे मत आहे.