थकीत पगार आणि जिनिव्हाचा लवाद: एका सेवेचे परीक्षण

अमेरिकेबाहेर व्यावसायिक बास्केटबॉल खेळणाऱ्या अमेरिकन खेळाडूला एजंट लागतो, करसल्लागार लागतो, दुखापत झाली की चांगला फिजिओथेरपिस्ट लागतो. यांपैकी एखादी सेवा सुमार निघाली तरी कारकीर्द पुढे सरकते; परंतु क्लबने पगार थांबवला आणि दाद मागण्यासाठी जागाच नसली, तर अख्ख्या हंगामाचे कष्ट पाण्यात जातात. अशी जागा उपलब्ध करून देणाऱ्या ‘बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रायब्युनल’ अर्थात ‘बॅट’ या लवाद यंत्रणेच्या सेवेचे हे परीक्षण आहे. ही सेवा उत्तम आहे, पण तिचा लाभ मिळणार की नाही, हे बहुतांशी करारावर सही होण्याच्या दिवशीच ठरून जाते, असे माझे मत आहे.

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, म्हणजे फिबाने, २००७ मध्ये ही यंत्रणा उभी केली आणि २०११ पासून ती आजच्या नावाने ओळखली जाते. कॅनडातील कायद्याचे प्राध्यापक रिचर्ड मॅक्लारेन हे तिचे पहिले अध्यक्ष. तिची गरज समजण्यासाठी काइल हाइन्सच्या कारकिर्दीकडे पाहावे. एनबीए या अमेरिकेतील प्रमुख व्यावसायिक लीगच्या निवड प्रक्रियेत कोणीही न घेतलेला हा खेळाडू २००८ मध्ये इटलीच्या दुसऱ्या श्रेणीतील वेरोली या क्लबमध्ये गेला. तेथून जर्मनीतील बामबर्ग, ग्रीसमधील ऑलिंपियाकोस, मॉस्कोचा सीएसकेए आणि शेवटी मिलान असा त्याचा प्रवास झाला, आणि २०१२, २०१३, २०१६ व २०१९ अशी चार वेळा त्याने युरोलीग ही युरोपातील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा जिंकली. हे नाव मी कोणत्याही वादासाठी घेतलेले नाही. इतक्या यशस्वी खेळाडूलाही चार देशांची करपद्धती, चार प्रकारचे कामगार कायदे आणि चार वेगळ्या न्यायालयीन भाषा यांच्या छायेखाली खेळावे लागते, एवढेच त्यातून दाखवायचे आहे. एनबीएतील खेळाडूच्या पाठीशी संघटना आणि सामूहिक करार असतो. परदेशातल्या खेळाडूच्या हाती मात्र मुख्यतः त्याचा स्वतःचा करार असतो.

त्या करारात सहसा कर वजा जाता हाती येणारा पगार, घर, गाडी, विमानाची तिकिटे आणि विजयाचे बोनस लिहिलेले असतात. पगार मासिक हप्त्यांनी येतो. संघ हरू लागला किंवा प्रायोजक निघून गेला की पहिला हप्ता लांबतो, मग दुसरा, आणि मग ‘कामगिरी समाधानकारक नाही’ असे पत्र येते. स्थानिक न्यायालयात परक्या भाषेत वर्षानुवर्षे खटला लढवणे अशा खेळाडूला शक्य नसते, कारण पुढच्या हंगामात तो बहुधा दुसऱ्याच देशात खेळत असतो.

बॅटची कार्यपद्धती नेमकी याच अडचणीवर बेतलेली आहे. लवादाचे स्थान जिनिव्हा, कामकाजाची भाषा सामान्यतः इंग्रजी आणि निर्णय देणारा लवाद, म्हणजे निवाडा करणारी व्यक्ती, एकच. लवादाने आवश्यक मानली नाही तर प्रत्यक्ष सुनावणी होत नाही. सारे काम लेखी चालते, त्यामुळे खेळाडूला सराव सोडून कोठे जावे लागत नाही. कामकाज संपल्यावर, किंवा खर्चाची आगाऊ रक्कम त्यानंतर भरली गेली असेल तर ती भरल्यावर, सहा आठवड्यांत निवाडा देण्याचे नियमात आहे. सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पक्षकारांनी वेगळे काही ठरवले नसेल, तर लवाद कोणत्याही एका देशाचा कायदा न लावता न्याय आणि औचित्य यांच्या आधारे निर्णय देतो. तुर्कस्तानातील करार आणि लिथुआनियातील करार एकाच मापाने मोजले जातात, ही समानता मला या सेवेचा प्राण वाटते.

औचित्याची ही कसोटी खेळाडूलाही लागू होते. मुदतीपूर्वी काढून टाकलेल्या खेळाडूने स्वस्थ बसून उरलेला सगळा पगार मागावा, हे येथे चालत नाही. त्याने दुसरा क्लब शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न करणे अपेक्षित असते आणि तेथे मिळालेली कमाई भरपाईतून वजा होते. काही खेळाडूंना हे जाचक वाटत असले, तरी मला ते रास्त वाटते.

खर्चाच्या बाबतीत मात्र माझी तक्रार आहे. दावा दाखल करताना परत न मिळणारे शुल्क भरावे लागते. २०१७ च्या नियमावलीत सर्वांत लहान दाव्यांसाठी ते १,५०० युरो होते आणि दाव्याच्या रकमेनुसार टप्प्याटप्प्याने वाढत होते. एवढे समजण्यासारखे आहे. त्यानंतर लवादाच्या खर्चाची आगाऊ रक्कम दोन्ही पक्षांनी भरायची असते, आणि क्लबने आपला वाटा भरला नाही तर तोही दावेदाराला भरावा लागतो, अन्यथा दावा पुढे जात नाही. जिंकल्यावर हा खर्च सहसा क्लबवर टाकला जातो हे खरे; पण ज्याचा तीन महिन्यांचा पगार थकला आहे, त्याच्याकडूनच प्रतिपक्षाचा वाटा भरून घेणे ही दुसऱ्या श्रेणीतल्या, कमी पगाराच्या खेळाडूंवर फार मोठी सक्ती आहे. अशा लहान दाव्यांसाठी फिबाने स्वतंत्र निधी ठेवायला हवा.

वसुली हा या सेवेचा बलवान भाग आहे. निवाडा न पाळणाऱ्या क्लबला फिबा दंड करू शकते आणि नव्या खेळाडूंची नोंदणी रोखू शकते. पुढचा संघ बांधायचा असलेल्या क्लबला ही बंदी न्यायालयाच्या नोटिशीपेक्षा जास्त जाचते. याशिवाय परदेशी लवाद निवाड्यांच्या अंमलबजावणीसाठी १९५८ च्या न्यूयॉर्क कराराचा मार्गही खुला असतो. परंतु क्लबच उरला नाही तर काय? इटलीत वर्षानुवर्षे राष्ट्रीय विजेतेपदे मिळवणारा सिएनाचा क्लब २०१४ मध्ये दिवाळखोरीत निघाला. अशा वेळी नोंदणीबंदीला अर्थ राहत नाही आणि खेळाडू इतर धनकोंच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

म्हणून ही सेवा घेऊ इच्छिणाऱ्याने दोन कामे सहीपूर्वी करावीत. पहिले, करारात बॅटचे लवाद कलम तिच्या नियमावलीत सुचवलेल्या शब्दांत आहे याची स्वतः खात्री करावी, कारण उभय पक्षांची लेखी संमती नसेल तर ही यंत्रणा दावा ऐकूच शकत नाही, आणि एजंटाने तोंडी दिलेला भरवसा तिथे उपयोगी पडत नाही. दुसरे, फिबाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होणारे निवाडे वाचावेत. त्यांत क्लबांची नावे, थकलेल्या रकमा आणि क्लबने मांडलेल्या सबबी तपशीलवार आढळतात, आणि ते वाचायला कोणतेही शुल्क पडत नाही.