व्हिनेगर, पॅप की एचपीव्ही? तिशीनंतर गर्भाशयमुखाची कोणती तपासणी करून घ्यावी

आधी एक गोष्ट. संबंधानंतर रक्त जातंय, पाळी बंद झाल्यावर पुन्हा अंगावर जातंय किंवा घाण वासाचं पाणी थांबत नाहीये, असं काही असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. कोणती तपासणी बरी याचा विचार करत न बसता थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. खालची तुलना आहे ती काहीही त्रास नसलेल्या बाईसाठी, कारण गर्भाशयमुखाचा कर्करोग होण्याआधी तिथल्या पेशींतला बिघाड कित्येक वर्षं मुकाट वाढतो. त्याच वर्षांत तो सापडला तर साध्या उपचारानं संपतो.

या तपासण्यांबद्दलचा जगातला एक सगळ्यात भक्कम पुरावा परदेशातून नव्हे, उस्मानाबाद जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या धाराशिवमधून आला आहे. १९९९ साली मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तिथं ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांना घेऊन अभ्यास सुरू केला. गावांचे ५२ गट केले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार भागांत वाटले. एका भागात एचपीव्ही चाचणी (या कर्करोगाला कारण होणारा विषाणू शोधणारी), दुसऱ्यात पॅप (पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणारी), तिसऱ्यात व्हिनेगरची तपासणी (व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी बघायची). चौथ्यात फक्त माहिती दिली आणि नेहमीची दवाखान्याची सोय तशीच ठेवली. पहिल्या तीन भागांत तपासणी एकदाच झाली.

आठ वर्षांनी एचपीव्हीच्या भागातल्या ३४,१२६ जणींपैकी ३४ जणी या कर्करोगानं गेल्या होत्या. तपासणी न झालेल्या ३१,४८८ जणींपैकी ६४. म्हणजे मृत्यूचं प्रमाण जवळजवळ निम्मं. पॅप आणि व्हिनेगरच्या भागांत मात्र ठामपणे दाखवता येईल अशी घट दिसली नाही. आणखी एक आकडा मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. ज्यांचा एचपीव्ही अहवाल निगेटिव्ह होता, त्यांच्यात पुढे कर्करोग होण्याचं प्रमाण वर्षाला लाखात ३.७ होतं. पॅप निगेटिव्ह असलेल्यांत १५.५, व्हिनेगर निगेटिव्ह असलेल्यांत १६. ‘तुमचं सगळं ठीक आहे’ या शब्दावर किती विसंबायचं, ते यातून कळतं. (तपासणीविना ठेवलेल्या त्या चौथ्या भागाबद्दल नंतर कडक आक्षेप घेतले गेले, आणि ते मला पटतात. आज आपण ज्या आकड्यांवर निर्णय घेतो, त्यात त्या ६४ जणी आहेत.)

मग व्हिनेगर बाद का? नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलनंच १९९८ पासून दीड लाखाहून जास्त बायकांचा दुसरा अभ्यास केला. दहावी शिकलेल्या आरोग्यसेविकांना चार आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडूनच व्हिनेगरची तपासणी करवली, दर दोन वर्षांनी एक, अशा चार फेऱ्या. बारा वर्षांत मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तीच तपासणी एका जिल्ह्यात एकदा करून उपयोग दिसला नाही, दुसरीकडे पुन्हा पुन्हा करून दिसला. माझ्या मते निवड इथंच ठरते. तुम्ही तपासणीला परत किती वेळा जाणार आहात, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा.

व्हिनेगरच्या तपासणीत, जिला सरकारी दवाखान्यात व्हीआयए म्हणतात, गर्भाशयमुखाला ३ ते ५ टक्के ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबतात. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. यंत्र लागत नाही, उत्तर जागेवर मिळतं, जमलं तर उपचारही त्याच दिवशी. पण सगळी मदार बघणाऱ्या नजरेवर. शिवाय पाळी गेल्यावर जो भाग बघायचा तोच आत सरकतो, म्हणून पन्नाशीपुढच्या आईला या तपासणीवर सोडू नका.

पॅपमध्ये पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. प्रयोगशाळा चांगली असेल आणि दर तीन वर्षांनी न चुकता जाणार असाल, तर उत्तम. एकदाच करून दहा वर्षं विसरणार असाल, तर नको.

एचपीव्ही चाचणी पेशी बघत नाही, कर्करोगाला कारण होणारा विषाणूच शोधते. किंमत पॅपपेक्षा बरीच जास्त. पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये हिलाच पहिली पसंती दिली, तिशीपासून दर ५ ते १० वर्षांनी. एचआयव्ही असलेल्यांसाठी पंचविशीपासून, दर ३ ते ५ वर्षांनी. नमुना स्वतःचा स्वतः घेता येतो, आणि टेबलावर झोपायच्या संकोचानं टाळणाऱ्या बायकांसाठी हे फार मोठं आहे. एचआयव्ही नसेल तर तिशीआधी मात्र करू नये. त्या वयात संसर्ग सर्रास असतो आणि बहुतेकदा एक-दोन वर्षांत आपोआप जातो.

पॉझिटिव्ह आली म्हणजे कर्करोग झाला, असं नाही. नवऱ्याकडं किंवा बायकोकडं बोट दाखवायलाही त्यात आधार नाही, कारण हा विषाणू वर्षानुवर्षं लपून राहू शकतो. पुढे कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगाच्या यंत्रातून गर्भाशयमुख मोठं करून बघणं, करतात आणि डाग असेल तर तो गोठवून, उष्णतेनं जाळून किंवा विजेच्या तारेनं कापून काढतात. म्हणून नमुना देण्याआधीच विचारा: पॉझिटिव्ह आलं तर पुढचं कुठं होईल?

एकदाच संधी असेल, गाव दूर असेल, आई पुन्हा यायला तयार होणार नसेल, तर मी पैसे जमवून एचपीव्हीच करायला सांगेन. गावात व्हीआयएचं शिबिर असेल आणि वय चाळिशीच्या आत-बाहेर असेल, तर एचपीव्हीची वाट बघत ते सोडू नका.

चौथा मार्ग आपल्याकडं फार सहज सुचवला जातो: पांढरं जातंय, कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या किती आणि का काढल्या गेल्या, ते २०१९ मध्ये सरकारला समिती नेमून बघावं लागलं. नुसतं पांढरं जाणं हे पिशवी काढण्याचं कारण नाही, आणि वरच्यापैकी एकही तपासणी न करता असा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सही करू नका. ज्यांची पिशवी आधीच काढलेली आहे त्यांनी डिस्चार्ज कार्ड काढून बघावं. गर्भाशयमुख आत ठेवलेलं असेल, तर तपासणी त्यांनाही लागतेच.