रीडिंग ग्लासेसचा फिरता स्टँड: स्टँड मजबूत आहे, पण ज्याला जवळचं दिसत नाही त्याचा विचार करून बनवलेला नाही

आमच्या साताऱ्यातल्या मेडिकलमध्ये दिवाळीनंतर रेडीमेड वाचायच्या चष्म्यांचा फिरता स्टँड ठेवला. चार बाजूंचा, लोखंडी, काळी पावडर कोटिंग, उंची साडेपाच फूट, एका बाजूला १८ म्हणजे एकूण ७२ चष्मे बसतात, वरती एक आरसा आणि एक टेस्ट कार्ड. गिऱ्हाईकानं स्वतःच नंबर बघायचा, स्वतःच चष्मा लावून बघायचा आणि काउंटरला येऊन पैसे द्यायचे. बनवणाऱ्याचं नाव लिहीत नाही कारण थोड्याफार फरकानं हेच डिझाइन बरेच फॅब्रिकेटर बनवतात, त्यामुळे हा रिव्ह्यू डिझाइनचा आहे असंच समजा. इतर मेडिकलवाले, चष्मेवाले आणि स्टँड बनवणारे, तिघांनाही उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी चांगलं सांगतो. वेल्डिंग स्वच्छ आहे, कुठं धार लागत नाही, खालचं बेअरिंग भारी आहे, एका बोटानं फिरतं आणि आवाज नाही. बेस जड आहे त्यामुळे पोरांनी गरगर फिरवला तरी स्टँड हलत नाही, हे फार महत्त्वाचं कारण आईवडील चष्मा बघत असतात तोवर पोरं तेच करत असतात. जागा दीड फूट बाय दीड फूट खातो, आमच्यासारख्या लहान दुकानात तेवढी निघते. मजबुतीला पाचपैकी पाच.

आता मुख्य गोष्ट. हा स्टँड कोणासाठी आहे? ज्याला जवळचं वाचता येत नाही त्याच्यासाठी. आणि ह्या स्टँडवर नंबर कुठं लिहिलाय तर चष्म्याच्या काडीच्या आतल्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरात. म्हणजे नंबर वाचायला चष्मा पाहिजे आणि चष्मा घ्यायला नंबर वाचता आला पाहिजे. माणसं येतात, एक चष्मा उचलतात, हात लांब करून काडीकडे बघतात, मान मागं नेतात, काही दिसत नाही, मग मला हाक मारतात, "ओ, ह्याचा नंबर किती बघा की जरा." मग कसलं सेल्फ सर्व्हिस? स्टँडनं करायचं काम मीच करत बसतो.

काचेवर गोल स्टिकर असतो नंबरचा, तो जरा मोठा आहे, पण तो बरोबर डाव्या काचेच्या मध्यावरच चिकटवलेला. चष्मा लावून बघितला की एका डोळ्यापुढं स्टिकर, एकाच डोळ्यानं दिसतं, आणि स्टिकर काढला तर गोंद राहतो आणि पुढच्या गिऱ्हाईकाला नंबर कळत नाही. तो स्टिकर काचेच्या वरच्या कोपऱ्यात लावला असता तरी चाललं असतं.

मी काय केलं, तर चष्मे फ्रेमप्रमाणे लावायचे बंद केले आणि नंबरप्रमाणे लावले. स्टँड आला तेव्हा एका ओळीत एकाच फ्रेमचे सगळे नंबर अशी मांडणी होती, दिसायला छान दिसते, पण माणूस आधी नंबर शोधतो आणि मग फ्रेम निवडतो. आता एका बाजूला १ आणि १.२५, दुसरीला १.५० आणि १.७५, तिसरीला २ आणि २.२५, चौथीला २.५० पासून पुढं ३ पर्यंत. प्रत्येक बाजूच्या वर फ्लेक्सवाल्याकडनं दोन इंची आकडा छापून घेतला, पिवळ्यावर काळा, प्रत्येक नंबरच्या ओळीला वेगळ्या रंगाची पट्टी आणि त्याच रंगाचा ठिपका चष्म्याच्या काडीवर बाहेरच्या बाजूनं, म्हणजे कोणी चष्मा उचलून भलतीकडं ठेवला तरी परत जागेवर लावता येतो. हे सगळं बनवणाऱ्यानंच द्यायला पाहिजे होतं, खर्च फार नाही.

टेस्ट कार्डाबद्दल जास्त लिहावं लागणार आहे कारण सगळा घोळ तिथंच आहे. अमेरिकेत औषधांच्या दुकानात असे फिरते स्टँड कॉमन आहेत, त्यावर असंच कार्ड असतं, वरपासून खालपर्यंत ओळी लहान होत जातात, १४ इंचावरनं जी ओळ वाचता येते तिच्यापुढं तुमचा नंबर लिहिलेला. आपल्याकडच्या बनवणाऱ्यानं ते जसंच्या तसं उचललं, इंग्रजी मजकुरासकट, आणि चिकटवलं कुठं तर पाच फुटाच्या वर. आमच्याकडं येणाऱ्या बऱ्याच काकू, आज्यांची उंचीच पाच फुटाच्या आत. त्या मान वर करून दोन-अडीच फुटावरनं कार्ड बघतात.

आता ह्यानं फरक काय पडतो ते बघा. जवळचं बघायला डोळ्याला लागणारी ताकद अंतरावर ठरते, हिशोब सोपा आहे, १०० ला सेंटिमीटरमधल्या अंतरानं भागायचं. पेपर आपण साधारण ४० सेंटिमीटरवर धरतो, तिथं लागते २.५. तेच कार्ड ६० सेंटिमीटरवर, म्हणजे दोन फुटावर असलं तर लागते जेमतेम १.६७. मधला फरक पाऊण नंबरपेक्षा जास्त. म्हणजे दोन फुटावरच्या कार्डावर जो चष्मा एकदम बरोबर वाटला तोच घरी जाऊन पोथी हातात धरली की कमी पडतो, आणि दुसऱ्या दिवशी माणूस परत येतो की तुमचा चष्मा खराब आहे. चष्मा चांगलाच असतो, कार्ड चुकीच्या जागी असतं.

त्यामुळे कार्ड स्टँडवरनं काढलं आणि सुट्टं केलं, लॅमिनेट करून. त्याला ४० सेंटिमीटरची दोरी बांधली, दोरीच्या टोकाला मोठा मणी, मणी गालाला लावायचा आणि दोरी ताणून कार्ड धरायचं. उंची कितीही असू दे, अंतर तेवढंच राहतं. लोकांना एकदा दाखवलं की लगेच जमतं, सांगावं लागत नाही.

मजकूर मराठी केला, आणि इथं स्टँडवाल्यांनी लक्ष द्यावं. इंग्रजी वाचताना एखादं अक्षर पुसट दिसलं तरी माणूस अंदाजानं पुढं जातो, आणि बऱ्याच जणांना इंग्रजी ओळ वाचता येत नाही ती डोळ्यामुळं की भाषेमुळं हेच कळत नाही. देवनागरीत खरी परीक्षा होते, ध आणि घ, भ आणि म, ष आणि प, ह्यांच्यात फरक एका बारीक रेघेचा, वर अनुस्वार, खाली उकार. "घर" आणि "धर", "भात" आणि "मात" अशा जोड्या बारीक अक्षरात टाकल्या. त्याच्याखाली लोकांना रोज जे वाचावं लागतं तेच छापलं, गोळ्यांच्या पाकिटावरची एक्स्पायरी, लाइट बिलावरचा ग्राहक क्रमांक, पत्रिकेतला मुहूर्त. औषधाच्या दुकानात तर एक्स्पायरी वाचता येणं हीच पहिली परीक्षा पाहिजे.

आणि ज्यांना वाचताच येत नाही त्यांचं काय? आमच्याकडं खेड्यातनं येणाऱ्या कितीतरी आज्या अशा आहेत. त्यांना चष्मा पोथीसाठी नको असतो, तांदूळ निवडायला, सुई ओवायला, भाजीतली अळी बघायला हवा असतो. स्टँड बनवणाऱ्याच्या डोक्यात "रीडिंग" म्हणजे फक्त वाचणं. मी एक चपटी पारदर्शक डबी घेतली, त्यात तांदूळ आणि थोडे पांढरे खडे टाकले, झाकण पक्कं चिकटवलं, तीपण दोरीला बांधली. शेजारी एक सुई आणि काळा दोरा, सुई जाड पुठ्ठ्यात खोचून. आजी चष्मा लावतात, डबी हलवतात, खडा दिसला की म्हणतात हाच दे. ह्याच्यापेक्षा चांगली टेस्ट मला सुचली नाही.

ही गोष्ट लहान वाटेल, पण २०१८ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थ ह्या वैद्यकीय जर्नलमध्ये आसामच्या चहामळ्यातल्या कामगारांवर झालेला अभ्यास छापून आला होता. ४० च्या पुढचे ७५१ कामगार, अर्ध्यांना जवळचा चष्मा दिला, आणि चष्मा मिळालेल्यांची रोजची पानं तोडायची क्षमता दुसऱ्या गटापेक्षा जवळपास २२ टक्क्यांनी जास्त वाढली. पानं तोडायला काही वाचावं लागत नाही. हाताचं काम करणाऱ्या माणसाला हा चष्मा पोट भरायला लागतो, आणि स्टँडचं डिझाइन मात्र पेपर वाचणाऱ्या साहेबाला डोळ्यापुढं ठेवून केलेलं.

अंतराचा मुद्दा कामाप्रमाणे पण बदलतो. शिलाई मशीनवर बसणाऱ्या मावशी आणि दिवसभर कॉम्प्युटरसमोर असणारा बँकेतला माणूस, दोघांचं वय ५० असलं तरी नंबर वेगळा लागू शकतो, कारण सुई जवळ आणि स्क्रीन लांब. स्टँडवर वयाचा तक्ता होता, तो मी ठेवलाय, चाळीस ते पंचेचाळीसला एक-सव्वा, पन्नाशीच्या आसपास दीड ते दोन, साठीला अडीच, पण त्याच्याखाली मोठ्या अक्षरात लिहिलं की इथनं सुरुवात करा आणि तुमचं रोजचं काम ज्या अंतरावर आहे त्या अंतरावर बघा. दोन नंबरांत सारखंच दिसत असेल तर कमी नंबर घ्या, हे पण लिहिलंय.

आरसा. एकच आहे, तोपण वर, सहा इंचाचा. माणूस नंबर अर्ध्या मिनिटात ठरवतो आणि फ्रेमसाठी दहा मिनिटं आरशात बघतो, त्यामुळे आरशात कंजूषी करू नये. चारही बाजूंना उभा, लांबट आरसा पाहिजे, चार फुटापासून साडेपाच फुटापर्यंत, म्हणजे बुटक्या आणि उंच दोघांना मान न वाकवता दिसेल.

खालच्या दोन ओळी गुडघ्याच्या खाली जातात. हा चष्मा घेणारे सगळे चाळिशीच्या पुढचे, निम्म्यांचे गुडघे दुखतात, आमच्याच दुकानातनं गोळ्या नेतात, त्यांना वाकायला लावणारं डिझाइन कोणी केलं देव जाणे. त्या ओळींत मी चष्म्याची घरं, दोऱ्या आणि पुसायची कापडं ठेवलीत. चष्मे तीन फुटाच्या खाली नकोतच.

उजेडाचं लोक लक्षातच घेत नाहीत. स्टँड दाराशी ठेवला तर दिवसा मागनं ऊन येतं, चष्म्यावर चकाकी मारते, आणि आत कोपऱ्यात ठेवला तर अंधार. कमी उजेडात डोळ्याची बाहुली मोठी होते आणि अंधुकपणा वाढतो, मग माणूस गरजेपेक्षा मोठा नंबर उचलतो. वरच्या पाटीखाली एलईडीची पट्टी लावून घेतली, कार्ड जिथं धरलं जातं तिथं उजेड पडेल अशी. बनवणाऱ्यानं एक वायर जायला जागा ठेवली असती तर मला ड्रिल मारावं लागलं नसतं.

चष्मा अडकवायची पद्धत ठीकठाक. नाकावरच्या भागानं दांडीवर अडकतो, काडी ओढली जात नाही त्यामुळे बिजागरी ढिली होत नाही, हे चांगलं. पण दोन चष्म्यांत अंतर कमी, काच काचेला घासते आणि बारीक ओरखडे येतात. ७२ ऐवजी ५६ बसवा, चालेल. चोरी होऊ नये म्हणून नाकावर जो प्लास्टिकचा टॅग येतो तो मी काढून टाकला, तो असला की चष्मा नाकावर नीट बसतच नाही, वर राहतो. स्टँड काउंटरच्या नजरेत ठेवला की पुरे.

एक गोष्ट स्टँडवर अजिबात नव्हती आणि ती नसणं मला सगळ्यात जास्त खटकलं. रेडीमेड चष्म्यात दोन्ही काचांचा नंबर सारखा असतो, सिलिंडर (बुबुळाची गोलाई सगळीकडं सारखी नसली की लागणारा नंबर) नसतो, दोन बाहुल्यांमधलं अंतरपण एकच ठरलेलं. दोन डोळ्यांचा नंबर वेगळा असणाऱ्यानं हा घेऊ नये, सिलिंडरवाल्यानं घेऊ नये, शुगर असेल तर आधी पडदा तपासून घ्यावा. काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही, गुपचूप नजर खातो, आणि दोनशे-तीनशेचा चष्मा लावून भागतंय म्हणून डॉक्टरकडं जायचं राहून जातं. हे मी लाल पाटीवर लिहून आरशाच्या शेजारीच लावलं, आणि खाली "हा चष्मा लावून गाडी चालवू नका", कारण लांबचं धूसर दिसतं. विक्री कमी झाली तरी चालेल पण हे लिहिल्याशिवाय स्टँड दुकानात ठेवू नये असं माझं मत आहे. काही जणांना मी चष्मा न देता परत पाठवलंय, डोळ्याच्या डॉक्टरकडं.

मुंबईत दादर स्टेशनबाहेर फुटपाथवर चष्मेवाले बसायचे, त्यांच्याकडं ना आरसा धड ना स्टँड, पण तो माणूस आधी वय विचारायचा, मग हातात पेपर द्यायचा, एकेक चष्मा लावून बघायला सांगायचा. स्टँड बनवणाऱ्यानं अशा माणसाशेजारी एक दुपार बसून बघावं, काय पाहिजे ते सगळं कळेल.

घ्यायचा असेल तर आहे तसा घेऊ नका. सांगून बनवून घ्या: चष्मे तीन फुटाच्या वर, आरसे लांब, आकडे दोन इंची, स्टिकर कोपऱ्यात, कार्ड सुट्टं आणि मराठी. लोखंडाचं काम तेवढं उत्तमच करतात. आहे तसा स्टँड पाचपैकी अडीच, मी बदल केल्यावर चार. राहिलेला एक मार्क बेअरिंगसाठी कापला, सुटं मिळतं का म्हणून विचारलं तर अजून उत्तर आलेलं नाही.