इगतपुरीतले दहा दिवस

पत्नी गेल्यानंतर आठ महिने आमच्या देवघरातली समई लागली नव्हती. त्याच अवस्थेत मी इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रातील दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरासाठी अर्ज भरला. सत्यनारायण गोएंका यांनी सुरू केलेल्या या केंद्रात १९७६ पासून शिबिरे होत आहेत.

पहाटे चारला घंटा होते, रात्री साडेनऊला दिवे मालवतात आणि मधले जवळपास दहा तास ध्यानाचे असतात. मोबाइल, वही, पुस्तक आधीच जमा करावे लागते, आर्य मौन, म्हणजे इतर साधकांशी शब्दांनी वा खुणांनीही न बोलणे, पाळावे लागते आणि जपमाळ, पूजा, उपवासही बाजूला ठेवावे लागतात. ही शेवटची अट वाचून मला हायसे वाटले, कारण देवाशी माझे बोलणे केव्हाच थांबले होते.

पहिले तीन दिवस नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास पाहण्यात जातात. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगभरच्या संवेदना तटस्थपणे पाहणे, शिकवतात आणि त्यानंतर दिवसातून तीन वेळा, तासभर हात-पाय न हलवता, डोळे न उघडता बसण्याचे अधिष्ठान सुरू होते. पाचव्या दिवशी माझा उजवा गुडघा असा ठणकू लागला की उठून घरी जावे असे वाटले. सूचना एवढीच होती की वेदनेशी भांडू नका, ती बदलते का ते पाहा. तास संपत आला तशी ती कळ मांडीकडे सरकली, विरळ झाली आणि नाहीशी झाली. पाठोपाठ रुग्णालयातली शेवटची रात्र डोळ्यांपुढे आली, पत्नीचा थंड पडत चाललेला हात आठवला, आणि प्रथमच मी त्या आठवणीपासून पळालो नाही. आयुष्यभर मी श्रद्धेकडे संकट टाळण्याचे साधन म्हणून पाहिले होते. न टळलेल्या संकटासोबत शांत बसता येते हा विश्वास मला त्या बैठकीत मिळाला.

खोली साधी व स्वच्छ होती, जेवण सात्त्विक होते. संध्याकाळी नव्या साधकांना चहा आणि फळ मिळते, रात्रीचे जेवण नसते. शुल्क नाही, शिबिर पूर्ण केल्यावर, इच्छा असेल तरच दान स्वीकारतात.

मानसिक आजारावर उपचार चालू असतील तर अर्जात ते स्पष्ट लिहावे आणि आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. दुःख अगदी ताजे असेल तर काही महिने थांबावे, असे माझे मत आहे. येण्याजाण्यासह बारा दिवसांची रजा काढावी आणि पावसाळ्यात गेल्यास जाड शाल जवळ ठेवावी, कारण पहाटेच्या बैठकीला चांगलाच गारठा असतो.