सिमॅटिक एस५ला जिवंत ठेवताना: जुन्या लॅपटॉपचा आठ महिन्यांचा अनुभव

आमच्या शिरोलीच्या फौंड्रीतली मोल्डिंग लाइन जर्मनीहून आली तीच वापरलेली. पॅनेलमध्ये सीमेन्सचा सिमॅटिक एस५-११५यू, म्हणजे पीएलसी, लाइन चालवणारा छोटा संगणक. एस५ मालिका १९७९ सालची. तिच्यानंतर आलेली एस७-३००सुद्धा आता म्हातारी झाली. गेल्या दिवाळीच्या सुट्टीला आठ दिवस राहिले असताना पॉवर सप्लायवरचा बॅटरीचा दिवा लागला आणि आमचा फिटर म्हणाला, "साहेब, सुट्टीत मेन स्विच पाडला तर?"

पोटात गोळा आला. प्रोग्रॅम रॅममध्ये, म्हणजे वीज गेली की फक्त या बॅटरीवर टिकणारा, ईप्रॉमची (विजेशिवाय प्रोग्रॅम जपणाऱ्या चिपची) जागा रिकामी, बॅकअप कुणाकडेच नाही. कपाटात तीन फ्लॉप्या सापडल्या, पण कोल्हापूरच्या पावसाने तिन्हींवर बुरशी चढवली होती. सेल बदलला (हा सप्लाय चालू ठेवूनच बदलायचा, नाहीतर प्रोग्रॅम गेला), तेवढ्यापुरतं भागलं. पण बॅकअप हवाच होता, आणि त्यासाठी लागणारं स्टेप-५ (एस५चा प्रोग्रॅम वाचायचं-लिहायचं सॉफ्टवेअर) पडलं डॉसच्या जमान्यातलं. ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचे प्रोग्रॅम चालतच नाहीत.

म्हणून ऑफिसच्या लॅपटॉपवर डॉसबॉक्स टाकलं, विंडोजच्या आत डॉसची नक्कल करणारं. अर्ध्या तासात स्टेप-५ चालू! मी पेढे आणायच्या बेतात होतो. पेढे राहिले ते केबलवर.

एस५चं १५ पिनांचं पोर्ट पीसीच्या सिरियल पोर्टसारखं आरएस-२३२चं नाही, २० मिलीअँपिअर करंट लूपचं आहे. मध्ये कन्व्हर्टर लागतो. तो मिळाला, ९६०० बॉड, इव्हन पॅरिटी, सगळं जुळवलं. तरी प्रोग्रॅम अर्धा उतरला की लटकायचा. दोष निघाला यूएसबी अडॅप्टरचा. तो आलेले बाइट साठवून ठेवतो, १६ मिलीसेकंद वाट बघतो आणि मग पुढे ढकलतो. इकडे पीएलसीला प्रत्येक निरोपावर लगेच हुंकार हवा असतो. उशीर झाला की तो बोलणंच सोडतो. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये ते १६ चं १ केलं तेव्हा बराच सुधारला, पण भरवसा बसला नाही. वाचताना तुटलं तर पुन्हा वाचता येतं. चालू लाइनवर लिहिताना तुटलं तर काय, ते मला करून बघायचं नव्हतं.

शेवटी साडेचार हजारांना एक जुना लॅपटॉप घेतला, खरा ९ पिनांचा सिरियल पोर्ट असलेला. बिजागरी मोडकी, बॅटरी शून्य, प्लग काढला की संपला. त्यावर थेट डॉस. आठ महिन्यांत संपर्क एकदाही तुटलेला नाही. डॉसबॉक्स मी काढलेलं नाही, घरी बसून प्रोग्रॅम वाचायला ते झकास आहे. मशीनला मात्र लावत नाही.

आता खरं दुखणं. पीएलसीतून फक्त कोड येतो. सिम्बॉल (सिग्नलना दिलेली नावं) आणि कॉमेंट मूळ पीसीवरच्या फायलींत राहतात, म्हणजे आमच्या बाबतीत बुरशीत. समोर नुसतं 'ई ४.३', 'ए ८.१'. त्यात भाषा जर्मन: 'ई' म्हणजे इनपुट, 'ए' म्हणजे आउटपुट. भाषा इंग्रजी केली की 'ए'चा अर्थ होतो अँड, दोन अटी जोडणारा 'आणि'! पहिला आठवडा मी यातच गटांगळ्या खाल्ल्या. मग तीन महिने फिटर लाइनवर एकेक लिमिट स्विच (हलणारा भाग जागेवर पोचला की दाबला जाणारा) हाताने दाबणार आणि मी पडद्यावर कुठला बिट हलतो ते लिहिणार. डॉसला देवनागरी येत नाही, त्यामुळे 'दार बंद', 'साचा वर' हे सगळं रोमन अक्षरांत. जर्मन मशीन आता कोल्हापुरी बोलते.

फायदा मे महिन्यात कळला. रात्रपाळीत लाइन थांबली. एरवी मीटर घेऊन टर्मिनल टर्मिनल तपासत दोन तास गेले असते. पडद्यावर वीस मिनिटांत दिसलं की क्लॅम्पच्या लिमिट स्विचचा सिग्नलच येत नाही. आत वाळू भरली होती.

नवीन पीएलसी का नाही, असं सगळे विचारतात. कोटेशन मागवलं होतं. आकडा बघून मालकांनी शांतपणे चहा सांगितला. शिवाय वायरिंग बदलेपर्यंत लाइन बंद, ते वेगळंच.

तक्रार एकच: सगळा डोलारा एका मोडक्या लॅपटॉपवर आहे. त्याच मॉडेलचा दुसरा शोधतोय. दुकानदाराने माझी गरज ओळखली, आता सात हजार म्हणतो.